गुराब, ग्रॅब आणि गिऱ्हाईक

आज एकच शब्द घेऊन बसलोय. ग्रॅब.

शब्द इतका रोजचा झालाय की त्याच्याकडे कुणी बघतही नाही. ‘चल, कॉफी ग्रॅब करू.’ ‘त्याचा स्क्रीनग्रॅब पाठव.’ सेल लागला की ‘ग्रॅब नाऊ’चं बटण लाल होऊन नाचत असतं. सिंगापूरला कुणी गेलं असेल तर तिथे टॅक्सी बोलवायच्या ॲपचं नावच ग्रॅब. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात, ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये एखादं काम कुणीही उचलावं असं मोकळं ठेवलेलं असेल, तर त्याला ‘अप फॉर ग्रॅब्ज’ असं लेबल लावतात. म्हणजे ज्याचा हात आधी पोचेल त्याचं.

आता हा शब्द इतिहासाच्या पॉडकास्टवर कशाला? तर एक फॉरवर्ड. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या तुमच्या फॅमिली ग्रुपवर कदाचित येऊन गेला असेल. त्याचा मतलब असा: शिवरायांच्या आरमारात गुराब नावाचं जहाज होतं. या गुराबा इंग्रजांची जहाजं धरायच्या. इंग्रजांनी इतका धसका घेतला की झडप घालून पकडण्याला ते ‘ग्रॅब’ म्हणायला लागले, आणि तो शब्द डिक्शनरीत गेला. खाली तलवारीचे तीन इमोजी आणि ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा’. एका मालवणच्या श्रोत्याने तो मला पाठवून एवढंच विचारलं, ‘ह्या खरा काय?’

अर्धं खरं आहे. आणि जे अर्धं खोटं आहे, त्याच्या जागी खरी जी गोष्ट बसते ती फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे. सावकाश जाऊ.

आधी खरा भाग. गुराब हे जहाज होतं यात काही शंका नाही. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या आरमाराची यादी येते, तिच्यात गुराबा आहेत, गलबतं आहेत, शिबाडं आहेत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला २५ नोव्हेंबर १६६४ ला. त्या काळात या किनाऱ्यावर समुद्रातली ताकद म्हणजे गुराब आणि गलबत ही जोडी.

गुराब कशी दिसायची? याचं सगळ्यात बारकाईचं वर्णन शत्रूपक्षाच्या माणसाने करून ठेवलंय. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याचं पुस्तक १७६३ पासून छापून यायला लागलं. तो सांगतो की गुराबेला बहुतेक दोनच डोलकाठ्या, काहींना तीन. दोन काठ्यांची साधारण १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, मधून पुढे निमुळती होत जाणारी, आणि नाळेला भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखं पुढे आलेलं टोक. या टोकाच्या वर दोन मोठ्या तोफा, तोंड सरळ पुढे. शिवाय दोन्ही बाजूंना लहान तोफा. आणि मुख्य म्हणजे तळ उथळ, पाणी कमी लागायचं.

हे शेवटचं वाक्य आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला लगेच कळतं. मालवण जेटीवरून किल्ल्यावर जाणारी होडी सरळ रेषेत जात नाही, कारण पाण्याखाली खडक आहेत. उत्तरेला जा, दक्षिणेला जा, दर काही मैलांवर खाडी, खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी. विलायतेहून आलेलं खोल तळाचं जहाज तिथे आत शिरू शकत नाही. गुराब शिरते. गलबत तर आणखी आत शिरतं. गलबत म्हणजे गुराबेचं धाकटं भावंडं, ७० टनांच्या आतलं, ४०-५० वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं दोर बांधून गुराबांना ओढत न्यायची. मोठ्या जहाजाच्या कुशीत तोफांची रांग असते, म्हणून तिथे जायचंच नाही, मागून जायचं, शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, जहाज लंगडं झालं की गलबतांतली माणसं वर चढायची. वाऱ्यावर अवलंबून असलेलं भलंमोठं जहाज आणि त्याच्याभोवती वल्ह्यांवर फिरणारी ही टोळी, असं चित्र डोळ्यासमोर आणा.

इंग्रजांना या जहाजाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा कानाला आलं तसं लिहिलं. १७व्या शतकातल्या कागदांत कुठे ‘ग्रॉब’ दिसतं, मग हळूहळू स्पेलिंग स्थिरावलं: जी, आर, ए, बी. ग्रॅब. गलबताचं ‘गॅलिव्हॅट’ झालं. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश काढला, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीत घुसलेल्या शब्दांचा. त्यात हे दोन्ही शब्द आहेत. तेव्हा ‘ग्रॅब हा इंग्रजी शब्द गुराबवरून आला’ हे वाक्य खरंच आहे, पण जहाजाचं नाव म्हणून. ‘पकडणे’ म्हणून नाही.

मग पकडणे कुठून आलं? इथे आम्ही प्रोग्रामर लोक एक साधी गोष्ट करतो. कोडमधली ओळ कुणी लिहिली यावर भांडण लागलं की गिट उघडून तारीख बघायची. तीच तपासणी इथे करू. इंग्रजीत ‘झडप घालून पकडणे’ या अर्थाने ग्रॅब लिहिलेलं सापडतं ते १६व्या शतकाच्या शेवटाकडे. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० च्या शेवटच्या दिवशीची. कंपनीचं पहिलं जहाज सुरतेला लागलं १६०८ मध्ये. महाराजांचा जन्म १६३०, आरमाराची उभारणी त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळाने. म्हणजे गुराबेने इंग्रजांना पहिल्यांदा धरलं, त्याच्या कितीतरी आधी इंग्रज आपल्या गल्लीत एकमेकांच्या कॉलरी ‘ग्रॅब’ करत होते. क्रियापद त्यांच्याकडे शेजाऱ्यांकडून, डच आणि खालच्या जर्मनीतल्या बोलींमधून आलं. तिकडे रूप आहे ‘ग्रॅबेन’. फॉरवर्ड तारखेवरच पडतो.

आमच्या भाषेत याला नेमस्पेस कोलिजन म्हणतात. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या दोन वेगळ्या गोष्टी, योगायोगाने नाव एकच. असं भाषांत फार होतं. फारसी ‘बद’ घ्या, आपल्या बदनाम, बदसूरतमधला. इंग्रजी ‘बॅड’ घ्या. उच्चार जवळपास तोच, अर्थ तोच, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नुसतं ऐकायला सारखं आहे एवढ्यावर नातं जोडलं तर सगळं जगच सोयरं निघेल.

बरं, ‘गुराब’ तरी आपला का? तोही बाहेरून आलेला. अरबीत ‘गुराब’ म्हणजे डोमकावळा. भूमध्य समुद्रावरच्या अरबांनी आपल्या वल्ह्यांच्या लढाऊ जहाजाला हे नाव दिलं होतं, आणि ते खलाशांच्या तोंडून अरबी समुद्र ओलांडून कोकणात आलं. ‘खलाशी’ शब्दसुद्धा त्याच वाटेने आला. ‘आरमार’ आला पोर्तुगीजांच्या ‘आर्माडा’वरून. आपल्या आरमाराच्या शब्दांची पिशवी उघडली तर आत अख्खा समुद्र सापडतो, आणि मला यात कमीपणा वाटत नाही. बंदरावर राहणाऱ्या माणसाची भाषा अशीच असणार. दर्यावर शुद्धलेखन तपासायला कोण बसलंय?

पण जहाजाच्या ‘ग्रॅब’ला लगेच सोडू नका. कारण त्या एका शब्दाभोवती ‘कोण कुणाचं पकडतंय’ हे भांडण शंभर वर्षं चाललं, आणि त्याचा शेवट आपल्याच जिल्ह्यात झाला.

कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हा किनारा आमचा, इथून व्यापारी जहाज जाणार तर आमचं दस्तक घ्या, म्हणजे परवाना, नाहीतर जहाज जप्त. ही पद्धत आंग्र्यांनी शोधलेली नाही. त्यांच्या दोनशे वर्षं आधी पोर्तुगीज या समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना सगळ्यांच्या गळ्यात मारत होते, आणि इंग्रज स्वतःही पास वाटत होते. पण आंग्र्यांनी जहाज धरलं की मुंबईच्या इंग्रजांच्या कागदात शब्द येतो ‘पायरेट’. चाचा. मग पुढची सगळी इंग्रजी पुस्तकं ‘पायरेट आंग्रिया’ आणि त्याच्या ‘ग्रॅब्ज’ यांनी भरून गेली. तीच कृती पोर्तुगीज गव्हर्नरने केली तर कर, आंग्र्यांनी केली तर चाचेगिरी. शब्द कुणाच्या हातात आहे यावर बरंच ठरतं.

मालवणहून किनाऱ्याने उत्तरेला गेलात, देवगड मागे टाकलंत की वाघोटण खाडीच्या तोंडावर विजयदुर्ग येतो. इंग्रज त्याला घेरिया म्हणायचे. कान्होजींनंतर घरात फूट पडली, आणि १८व्या शतकाच्या मध्यावर इथे तुळाजी आंग्रे होते. त्यांनी कंपनीची जहाजं धरली होती, त्यांतल्या एकाचं नाव ‘रिस्टोरेशन’. तुळाजींचं आणि पेशव्यांचं फाटलं होतं. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन समुद्राकडून आला, जहाजांवर फौज घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह. पेशव्यांचं सैन्य जमिनीकडून होतं.

तुळाजींचं आरमार किल्ल्याच्या तटाखाली खाडीत एकमेकांना बांधून उभं होतं. इंग्रजांचा एक तोफगोळा जाऊन पडला नेमका त्या ‘रिस्टोरेशन’वर, म्हणजे त्यांच्याच एकेकाळच्या जहाजावर. ते पेटलं. त्यावरून आग बाजूच्या गुराबांवर गेली, गलबतांवर गेली, आणि पाहता पाहता सगळं आरमार जळून गेलं. दोन पिढ्या ज्या ताफ्याने हा किनारा धरून ठेवला तो एका दुपारी राख झाला, तोही मराठी राज्याच्या प्रमुखाच्या संमतीने. ते ऐकायला आवडत नाही, पण फॉरवर्डमध्ये हा भाग कधीच नसतो म्हणून सांगतोय.

आता खरा ग्रॅब. इंग्रजांनी घाईने किल्ल्यात शिरून आपलं निशाण लावलं आणि पेशव्यांच्या सैन्याला आत येऊ दिलं नाही. आत सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो त्यांनी आपापसात वाटून घेतला, पेशव्यांना त्यातला छदामही नाही. गंमत म्हणजे कुणाला किती वाटा मिळणार याची बोलणी मुंबईहून शिडं उभारायच्या आधीच झाली होती. क्लाइव्हचा वाटा किती यावरून तेव्हा कुरबुरही झाली. ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळायचा होता, पण तोही इंग्रजांनी काही महिने दाबून ठेवला आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट पदरात पाडून घेतल्यावर सोडला. पुढच्याच वर्षी क्लाइव्ह प्लासीला होता. तिथे काय झालं ते शाळेत शिकलोय. मला वाटतं, प्लासीची रंगीत तालीम आपल्या वाघोटण खाडीवर झाली.

आणि या सगळ्या उद्योगाला इंग्रजांनी जो शब्द वापरला तोही इथलाच उचललेला: लूट. हा मात्र खरोखरच आपल्याकडून गेलेला शब्द, पुराव्यासकट. तसाच ‘मुंगूस’. इंग्रजी ‘मॉंगूस’ हा मराठीवरूनच गेलाय, ते डिक्शनरीवालेच सांगतात. खोट्या फॉरवर्डची गरज काय, खरे दाखले पडलेत ना.

सिंधुदुर्ग किल्ल्याचंही जाता जाता सांगतो. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस! वर्षभरात पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत दिला, म्हणून ते नाव टिकलं नाही. नाहीतर आज आपण ‘ऑगस्टस जिल्हा’ असं पत्त्यावर लिहीत बसलो असतो. शेवटी १८१२ च्या तहात मालवण कायमचं गेलं. कारण दिलं होतं चाचेगिरीचा बंदोबस्त.

आता क्रियापदाकडे परत येऊ, कारण माझा सगळ्यात आवडता भाग राहिलाय.

तो डच-जर्मन ‘ग्रॅबेन’ एकटा नाही. रशियनमध्ये त्याच घरातलं क्रियापद आहे, अर्थ लुटणे. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणचा राजा दारयवहू, ज्याला आपण पुस्तकात डेरियस म्हणून वाचतो, त्याने बेहिस्तूनच्या डोंगरावर शिलालेख कोरून घेतला. त्यात ‘मी पकडलं’ असं सांगायला प्राचीन फारसीतलं जे क्रियापद येतं त्याचा धातू आहे ‘ग्रब्’. आणि ऋग्वेदात? ‘गृभ्’. विवाहसूक्तात नवरा वधूचा हात हातात घेतो तिथे ‘गृभ्णामि’ असं रूप आहे, मी धरतो. पुढच्या संस्कृतात यातला ‘भ’ झिजून ‘ह’ झाला: ग्रभ्‌चं ग्रह्. बहुतेक अभ्यासक हे सगळे एकाच जुन्या मूळ धातूशी जोडतात.

तुम्ही म्हणाल, हे पण ऐकायला सारखंच आहे, मग हे कसं चालतं आणि गुराबवालं कसं चालत नाही? फरक असा की इथे नियम आहे, आणि तो नियम इतर शब्दांतही चालतो. संस्कृतात ‘भ’ असेल तिथे इंग्रजीत ‘ब’ येतो: भ्राता आणि ब्रदर, भ्रू आणि ब्राऊ, भार वाहणारं ‘भर्’ आणि इंग्रजी ‘बेअर’. एकदा जुळलं तर योगायोग, शंभर शब्दांत तसंच जुळलं तर पॅटर्न. टेस्ट केस एक पास झाली म्हणून कोड बरोबर ठरत नाही, तसंच.

मग या घरातले आपल्याकडचे शब्द बघा. ग्रहण, म्हणजे राहूने सूर्याला धरणं. ग्रह, म्हणजे धरणारा, म्हणून तर ‘ग्रह लागला’ म्हणतात. आग्रह, अनुग्रह, संग्रह, पाणिग्रहण. आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला प्रत्येक मालवणी माणूस दिवसातून पन्नास वेळा म्हणतो तो शब्द, गिऱ्हाईक. संस्कृत ‘ग्राहक’चं झिजलेलं रूप. घेणारा. इराणी बाजूने आले ते वेगळेच. ‘गिरफ्तार’ हा त्याच धातूचा. आणि ‘जहागीर’. मूळ फारसी शब्द ‘जा-गीर’: ‘जा’ म्हणजे जागा आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. म्हणजे जहागिरीचा शब्दशः अर्थ काय होतो? लँड ग्रॅब!

थोडक्यात, ‘ग्रॅब नाऊ’चं बटण आणि ते बटण दाबणारं गिऱ्हाईक, हे दोघे लांबचे चुलतभाऊ आहेत. गुराब त्यांच्या भाऊबंदकीत नाही, ती अरबी कावळ्याची पोर.

वापरातला एक फरक मात्र मला नेहमी खटकतो. इंग्रजीत कॉफीही ग्रॅब करतात आणि जमीनही. ‘ग्रॅब अ बाइट’ म्हणजे घाईत दोन घास. ‘ग्रॅब अटेन्शन’ म्हणजे लक्ष वेधणं. ‘स्मॅश अँड ग्रॅब’ म्हणजे दुकानाची काच फोडून पळवणं. बंदरातल्या क्रेनला लोंबणारा लोखंडी पंजा, तोही ग्रॅब. १८८०च्या आसपास आयर्लंडमध्ये ‘लँड-ग्रॅबर’ ही शिवी होती: जमीनदाराने एखाद्या कुळाला हुसकावलं की त्याची जमीन स्वतःच्या नावावर करून घेणारा. एकाच शब्दात भूक, हुशारी, चोरी आणि गद्दारी.

मराठीत हे एका शब्दात बसत नाही. बक्षीस पटकावतात. पाकीट हिसकावतात. दुसऱ्याचं श्रेय लाटतात. जमीन बळकावतात, आणि ती भावाची असेल तर हडपतात. झाड ओरबाडतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, याला अजून गुन्हा मानलेलं नाही. प्रत्येक क्रियापद निवडतानाच तुम्ही निकाल देऊन मोकळे होता. ‘त्याने प्लॉट घेतला’ आणि ‘त्याने प्लॉट बळकावला’ यांत एका शब्दाचा फरक, पण सातबाऱ्यावर वीस नावं असलेल्या घरात या एका शब्दावरून दोन पिढ्या बोलणं बंद होतं. आपण जेव्हा बोलताना सरसकट ‘ग्रॅब केलं’ म्हणतो, तेव्हा हा निकाल द्यायचं टाळत असतो. कधी ते सोयीचंही पडतं, ते मान्य.

विजयदुर्गाबद्दल लिहिताना इंग्रज ‘प्राइझ’ लिहितात, म्हणजे युद्धात मिळालेलं बक्षीस. आंग्र्यांनी धरलेली जहाजं ‘पायरसी’, आणि स्वतः नेलेले १० लाख ‘प्राइझ’. मी मराठीत लिहितोय, त्यामुळे मला ‘हडपले’ लिहायची मोकळीक आहे.

एक काम तुमच्याकडे. गुराब हा शब्द आज पुस्तकात सापडतो, पण किनाऱ्यावर कुणाच्या बोलण्यात जिवंत आहे का ते मला ऐकायचंय. तुमच्या घरात कुणी जुने तांडेल असतील, होड्या बांधणारे असतील, एखाद्या गाण्यात, ओवीत, शिवीत, आडनावात, खडकाच्या नावात ‘गुराब’ येत असेल, तर त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा, गावाचं नाव सांगा. आलेल्या नोट्सचा एक वेगळा एपिसोड करू. काम अप फॉर ग्रॅब्ज आहे.